'गोल्डन नी'मध्ये सोनं नसतं, मग असतं तरी काय?

घरात कुणाचा गुडघा बदलायचा ठरला की हल्ली एक शब्द हमखास कानावर पडतो: 'गोल्डन नी'. हॉस्पिटलच्या जाहिरातीत सोनेरी चमकणारा सांधा दिसतो, खाली "३० वर्षं टिकणारा" अशी ओळ असते आणि कुणीतरी नातेवाईक फॅमिली ग्रुपवर तो फोटो टाकून विचारतो, "आईला हाच बसवायचा का?" साधा आणि सोनेरी यांच्या किमतीत फरक असतो, म्हणून प्रश्न पैशाचा वाटतो. खरं तर तो आधी धातूचा आहे, आणि त्यातही धातूच्या सगळ्यात वरच्या चार-पाच मायक्रॉनचा.

पहिली गोष्ट सांगून टाकूया. या सांध्यात सोनं अजिबात नसतं. तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा किंवा त्यात निओबियम मिसळलेल्या नायट्राइडचा असतो. टायटॅनियम आणि नायट्रोजन एकत्र आले की हे अतिशय कडक संयुग तयार होतं आणि योगायोगाने त्याचा रंग सोन्यासारखा असतो. तुम्ही ते आधी पाहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी रंगाचे ड्रिल बिट मिळतात ना, त्यांच्यावरही हाच थर असतो. भोसरी, चाकण किंवा नाशिकच्या सातपूरमध्ये मशिनिंगचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ड्रिल, टॅप, एंड मिल लवकर बोथट होऊ नयेत म्हणून हे कोटिंग कित्येक वर्षांपासून करून घेतलं जातं.

मग ड्रिलवरचं कोटिंग माणसाच्या गुडघ्यात का गेलं?

इतका भारी धातू, पण घासलं की हार

टायटॅनियमची प्रतिमा 'सगळ्यात भारी धातू' अशी आहे. ती चुकीची नाही. एका घन सेंटिमीटर पोलादाचं वजन साधारण ७.८ ग्रॅम भरतं, टायटॅनियमचं ४.५ ग्रॅम. तरी ताकद भरपूर. गंज जवळपास चढत नाही. शरीर त्याला सहसा नाकारत नाही आणि हाड त्याला चिकटून वाढतं. शिवाय तो पोलाद किंवा कोबाल्ट-क्रोमपेक्षा कमी ताठर आहे. हे ऐकायला उणं वाटेल, पण हाडाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. फार ताठर धातू शेजारी असला की सगळा भार तोच उचलतो, हाडाला काम उरत नाही आणि काम नसलेलं हाड हळूहळू विरळ होत जातं.

गडबड सुरू होते ती दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासायला लागल्यावर. टायटॅनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा असतो. गंजापासून वाचवायला तो पुरेसा आहे, पण घासण्यापुढे टिकत नाही. तो फाटला की खालचा उघडा धातू समोरच्या पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतो. हालचाल सुरूच असते, त्यामुळे चिकटलेला भाग ओढला जाऊन तुटतो आणि त्याचा कण मोकळा होतो. तो कण पुन्हा दोन्ही पृष्ठभागांच्या मध्ये येऊन ओरखडे काढतो. त्यात टायटॅनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता कमी, म्हणून घर्षणाची उष्णता तिथेच साचते. ज्यांनी टायटॅनियमचा नट टायटॅनियमच्या बोल्टवर जोर लावून फिरवून पाहिलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तो मध्येच असा बसतो की कापूनच काढावा लागतो.

कडकपणाचे आकडे पाहिले तर अंदाज येतो. इम्प्लांटमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेलं टायटॅनियम. त्याचा कडकपणा विकर्स मोजपट्टीवर साधारण ३५० च्या आसपास असतो. टायटॅनियम नायट्राइडचा २,००० च्या पुढे जातो.

झिजण्याची भीती कणांची आहे

गाडीचा ब्रेक पॅड झिजला की बदलता येतो. शरीरातल्या झिजेचा त्रास वेगळाच. सांधा किती पातळ झाला यापेक्षा झिजलेला भाग कुठे गेला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. सूक्ष्म कण आजूबाजूच्या पेशींत शिरतात. आपल्या रोगप्रतिकारक पेशी ते गिळायचा प्रयत्न करतात, पचवता येत नाहीत, मग सूज आणणारी रसायनं सोडत राहतात. याचा शेवट असा होतो की इम्प्लांटभोवतीचं हाड शरीर स्वतःच विरघळवू लागतं. सांधा सैल होतो आणि दुसरी, अधिक अवघड शस्त्रक्रिया करावी लागते.

हा धडा वैद्यकशास्त्राने किमान तीनदा घेतला आहे. आधुनिक खुबा-बदल शस्त्रक्रियेचे जनक मानले जाणारे ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी टेफ्लॉनचा सांधा वापरला. टेफ्लॉन निसरडं, म्हणून कल्पना बिनतोड वाटत होती. काही वर्षांतच ते भराभर झिजलं आणि त्याच्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींची वाट लावली. शेकडो रुग्णांचे सांधे काढावे लागले. १९६२ मध्ये चार्नली दाट पॉलिथिलीनकडे वळले, आणि त्याचीच सुधारित रूपं आजही वापरात आहेत.

दुसरा धडा थेट टायटॅनियमचा. खुब्याच्या सांध्यातला गोल बॉलसुद्धा टायटॅनियमचा करून पाहिला गेला. काही रुग्णांमध्ये तो इतका खरवडला गेला की आतल्या ऊती काळ्या पडल्या. तेव्हापासून वाटणी साधारण ठरून गेली: हाडात रुतणारा भाग टायटॅनियमचा, घासणारा भाग कोबाल्ट-क्रोम किंवा सिरॅमिकचा.

तिसरा भारताला चांगलाच लक्षात असेल. डिप्यू कंपनीचा 'एएसआर' हा खुब्याचा सांधा, ज्यात कोबाल्ट-क्रोम कोबाल्ट-क्रोमवरच घासत होतं, ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावण्यात आला. तोवर जगात सुमारे ९३ हजार आणि भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम सापडत होतं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली होती, तरी केंद्राच्या समितीचा अहवाल आणि भरपाईचं सूत्र यायला २०१८ उजाडलं.

म्हणजे घासणारा भाग टायटॅनियमचा केला तर तो झिजतो आणि कोबाल्टचा केला तर कोबाल्टची चिंता. युरोपीय महासंघाने तर ऑक्टोबर २०२१ पासून कोबाल्टला 'माणसात कर्करोग घडवू शकणारा' या गटात टाकलं आहे आणि वैद्यकीय उपकरणात ते ठरावीक प्रमाणाबाहेर असेल तर कारण द्यावं लागतं. (याचा अर्थ ज्यांच्या गुडघ्यात आज कोबाल्ट-क्रोम आहे त्यांनी घाबरून जावं असा नाही. प्लास्टिकवर घासणाऱ्या गुडघ्याची गोष्ट एएसआरपेक्षा बरीच वेगळी आहे.) पण या नियमामुळे कंपन्यांचं लक्ष पुन्हा टायटॅनियमकडे वळलं, आणि त्याच्यासोबत त्याच्या पृष्ठभागाकडे.

दहीभातावरचा पापड

कोटिंग कसं चढतं ते थोडक्यात. सांध्याचा भाग एका बंद भांड्यात ठेवतात आणि आतली हवा काढून घेतात. टायटॅनियमच्या पाटीवर विजेची ठिणगी पेटवली की त्या धातूची वाफ होते. मग नायट्रोजन आत सोडतात. वस्तूला ऋण विद्युतदाब दिलेला असतो, त्यामुळे विद्युतभारित कण तिच्यावर जोराने आदळून बसतात आणि नायट्राइडचा थर तयार होतो. याला पीव्हीडी म्हणतात. आयफोन १५ प्रोच्या टायटॅनियम चौकटीवरचा रंगही पीव्हीडीनेच दिलेला होता. (ॲपलने २०२५ च्या १७ प्रोमध्ये टायटॅनियम सोडून पुन्हा ॲल्युमिनियम धरलं, तो किस्सा वेगळा.) थराची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे तुमच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून कमी.

इथे एक अडचण आहे जी जाहिरातीत कधीच दिसत नाही. दहीभातावर पापड ठेवा आणि बोटाने दाबा. पापड कडक आहे, तरी तुटतो, कारण खाली आधार नाही. टायटॅनियमवरच्या पातळ नायट्राइडचं असंच होतं. वरचा थर कितीही कडक असला तरी जोराचा भार एका बिंदूवर आला की खालचा तुलनेने मऊ धातू दबतो, थर त्याच्यासोबत वाकू शकत नाही आणि तडकतो. तडकलेला तुकडा सुटला तर तो सांध्यातला सर्वांत कडक कण असतो. ज्याच्यापासून संरक्षण करायला कोटिंग केलं, तेच काम मग कोटिंग करायला लागतं. शरीरातून काढून तपासलेल्या अशा कोटिंगच्या काही खुब्याच्या बॉलवर थर निघाल्याच्या नोंदी शास्त्रीय साहित्यात आहेत.

विजेच्या ठिणगीने वाफ करताना धातूचे बारीक थेंबही उडतात आणि थरात अडकून बसतात. ते घासून काढावे लागतात. काढताना तिथे खळगा राहू शकतो. म्हणून दोन कंपन्यांचे दोन सोनेरी सांधे फोटोत सारखे दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली सारखे असतीलच असं नाही. चांगली कंपनी हिऱ्याच्या टोकाने वाढत्या दाबाने ओरखडा काढून थर कधी सुटतो ते मोजते.

या पापडाच्या प्रश्नावर गेली काही दशकं जगभरच्या प्रयोगशाळांत काम सुरू आहे. एक वाट म्हणजे थर वरून चढवण्याऐवजी नायट्रोजन धातूच्या आत मुरवायचा. तापवलेल्या टायटॅनियमला नायट्रोजनच्या वातावरणात किंवा प्लाझ्मात ठेवलं की वर नायट्राइडचा पातळ थर होतो आणि त्याखाली नायट्रोजन मुरलेला पट्टा तयार होतो. कडकपणा वरून खाली हळूहळू उतरत जातो, एकदम कोसळत नाही. त्यावर पुन्हा पीव्हीडीचा थर दिला तर पापडाखाली भाताऐवजी भाकरी आली म्हणायची. मात्र याची किंमत मोजावी लागते. त्यासाठी साधारण ७०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमान लागतं, तेवढ्या उष्णतेत धातूचे अंतर्गत कण मोठे होतात आणि पुन्हा पुन्हा भार सोसण्याची ताकद घटते. लाखो पावलं टाकणाऱ्या सांध्यासाठी हे परवडणारं नाही. म्हणून कमी तापमानात नायट्रोजन कसा मुरवायचा, लेझरने फक्त वरचाच पापुद्रा कसा वितळवायचा, यावर भर आहे.

दुसरी वाट धातूच बदलण्याची. टायटॅनियममध्ये बोराइड किंवा कार्बाइडचे बारीक कडक कण मिसळले की टायटॅनियम कंपोझिट तयार होतं, काँक्रीटमध्ये खडी असते तसं. ही कल्पना निव्वळ कागदावरची नाही. टोयोटाने १९९८ मध्ये अल्टेझा गाडीच्या इंजिनात टायटॅनियम-बोराइड कंपोझिटचे व्हॉल्व्ह वापरले होते. कंपोझिट जास्त ताठर आणि कडक असतं, पण खडीच्या मधला सिमेंटचा भाग अजून टायटॅनियमचाच आहे आणि तो आधीसारखाच चिकटतो. मधला धातू झिजला की खडी उघडी पडते, निखळते आणि तीच खरवडायला लागते. त्यामुळे कंपोझिट केलं म्हणून पृष्ठभागाचं काम टळत नाही. फायदा वेगळ्या ठिकाणी आहे: खालचा आधार पक्का असल्याने वरचा थर तडकण्याची शक्यता कमी होते. कंपोझिट आणि कोटिंग हे एकमेकांचे पर्याय नाहीत, जोडीदार आहेत, असं मला या विषयावर वाचताना वाटत गेलं.

तिसरी वाट टायटॅनियमच्याच भावकीतल्या धातूने आधीच चोखाळली आहे. स्मिथ अँड नेफ्यू कंपनीचं 'ऑक्सिनियम' म्हणजे झिर्कोनियम-निओबियमचा मिश्रधातू हवेत तापवून त्याचाच पृष्ठभाग सिरॅमिकमध्ये बदलतो. वरून काही चढवलेलंच नाही, त्यामुळे निघण्याची भीती कमी. तो सांधा काळा दिसतो. काळ्याची जाहिरात सोनेरीइतकी खुलत नाही, एवढंच.

मग ३० वर्षांचं काय?

आता पैशाकडे येऊ. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या सांध्याची सरासरी किंमत तेव्हा १,५८,३२४ रुपये होती, ती ५४,७२० वर आणली. टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम या 'विशेष धातूं'साठी २,४९,२५१ वरून ७६,६०० रुपये. पुढे या मर्यादेला मुदतवाढ मिळत गेली आणि आकडे थोडे हलले, पण सरकारने धातूनुसार दोन भाव ठरवले ही गोष्ट महत्त्वाची. मूळ आदेशातला फरक २१,८८० रुपयांचा. तेवढ्याने रुग्णाला जास्त वर्षं मिळतात का?

इथे जाहिरात आणि पुरावा यांच्या वाटा वेगळ्या होतात. 'इतकी वर्षं टिकेल' हा आकडा अनेकदा यंत्रावरच्या चाचणीतून येतो. गुडघ्याची हालचाल करणाऱ्या यंत्रात सांधा बसवून तो लाखो वेळा वाकवतात. दहा लाख आवर्तनं म्हणजे साधारण एका वर्षाचं चालणं, असा हिशेब धरला जातो. यासाठी आयएसओ १४२४३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते सपाट जमिनीवरचं चालणं गृहीत धरतं. आपल्याकडची माणसं जमिनीवर मांडी घालतात, देवापुढे वज्रासनात बसतात, उकिडवं बसून भांडी घासतात, भारतीय पद्धतीचा संडास वापरतात. त्या कोनात सांध्यावर येणारा दाब या चालण्यात नाही. यंत्र खोटं बोलत नाही, पण ते आपला प्रश्न विचारत नाही.

३० वर्षांचा दावा माणसांच्या आधारे करायचा तर त्याच डिझाइनचा, त्याच कोटिंगचा सांधा ३० वर्षांपूर्वी पुरेशा लोकांना बसवलेला असायला हवा आणि त्यांचा माग ठेवलेला असायला हवा. दुसरीकडे, २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणाने ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून सांगितलं की संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. या नोंदी सरसकट सगळ्या गुडघ्यांच्या आहेत, निवडक सोनेरी सांध्यांच्या नाहीत. आणि नेदरलँड्समध्ये शंभरेक गुडघ्यांवर झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत नायट्राइडचं कोटिंग असलेले आणि नसलेले कोबाल्ट-क्रोमचे सांधे दहा वर्षांनी तपासले, तेव्हा रुग्णांना जाणवणाऱ्या परिणामात फरक आढळला नाही. शंभर ही संख्या लहान आहे, क्वचित घडणारा फरक त्यात सापडणार नाही. पण 'दुप्पट टिकतो' असं म्हणायला आधार नाही हे त्यातून नक्की कळतं.

याचं एक कारण साधं आहे. गुडघ्यात धातू प्लास्टिकवर घासतो आणि झिजतं मुख्यतः प्लास्टिक. धातूचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडक राहिला तर प्लास्टिकवर ओरखडे कमी पडतात, हा कोटिंगचा खरा फायदा. पण गुडघा पुन्हा उघडावा लागण्याच्या कारणांत संसर्ग आणि सांधा सैल होणं वरच्या क्रमांकावर आहेत, आणि त्यातल्या संसर्गावर कोटिंगच्या कडकपणाचा काही इलाज नाही. शस्त्रक्रिया कुणी केली, सांधा किती सरळ बसला, मधुमेह ताब्यात आहे का, याने जास्त फरक पडतो.

मग सोनेरी सांधा निरुपयोगी का? तसंही नाही. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे (खोटे कानातले घातले की पुरळ उठतो अशी माणसं) त्यांच्यासाठी कोबाल्ट-क्रोम आणि शरीर यांच्यामध्ये एक आडोसा असावा हा विचार तर्काला धरून आहे, जरी त्याचाही पुरावा अजून मर्यादितच असला तरी. आणि इथेच एक मेख आहे: सोनेरी रंगावरून आतला धातू कळत नाही. बऱ्याच सोनेरी सांध्यांच्या आत कोबाल्ट-क्रोमच असतं. रंग एक, आतला माल दोन प्रकारचा, आणि सरकारी दरपत्रकात त्या दोन धातूंचे भाव वेगळे. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न "गोल्डन आहे का?" हा नाही. "आतला धातू कुठला आणि या मॉडेलचा माणसांमधला किती वर्षांचा डेटा आहे?" हा आहे.

तो डेटा आपल्या देशात मिळणं अवघड, ही यातली सगळ्यात खटकणारी बाजू. स्वीडनमध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ पासून ठेवली जाते, ऑस्ट्रेलियात १९९९ पासून. एएसआरमधली गडबड ऑस्ट्रेलियाच्या नोंदींमुळे लवकर उघडी पडायला मदत झाली. भारतात हिप आणि नी सर्जन्सच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. उपकरणांमुळे झालेला त्रास कळवण्यासाठी २०१५ पासून 'मटेरिओव्हिजिलन्स' कार्यक्रमही आहे. त्यात फक्त झालेल्या तक्रारी येतात. एकूण किती बसवले हे माहीत नसेल तर त्यातले किती बिघडले याची टक्केवारी निघत नाही. केरळच्या किनाऱ्यावरची आणि आपल्या रत्नागिरीचीही वाळू टायटॅनियमच्या खनिजाने समृद्ध आहे, चवरा इथे त्यापासून धातू बनवण्याचा कारखाना आहे, राजकोट आणि वापीमध्ये इम्प्लांट बनतात. वाळूपासून गुडघ्यापर्यंत सगळं देशात होऊ शकतं. पुढे त्या गुडघ्याचं काय झालं याची वही मात्र सक्तीची नाही.

तोपर्यंत रुग्णाच्या हातात एक कागद आहे. २०१७ च्या त्याच आदेशानुसार हॉस्पिटलने बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायची असते, सोबत ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक. बऱ्याचदा डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटच्या डब्यावरचे स्टिकरही चिकटवलेले असतात. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात अनेकदा मूळ धातूही लिहिलेला असतो. दहा वर्षांनी एखादं मॉडेल परत बोलावलं गेलं, तर तुमच्या गुडघ्यात तेच आहे की नाही हे त्याच स्टिकरवरून कळणार आहे. फाइल रद्दीत जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, आणि बिलात हा तपशील नसेल तर हॉस्पिटलकडे लेखी मागा.